वहीत नसलेलं कर्ज : चोपडा तालुक्यातल्या दोन भावांच्या खात्यांचा अभ्यास

गटसचिव म्हणून माझ्याकडे तीन गावांच्या विकास सोसायट्या, म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्था, होत्या. त्यातल्या एका गावच्या कर्ज खतावणीत दोन पानं समोरासमोर येतात. डावीकडे थोरला भाऊ, उजवीकडे धाकटा. वडील गेल्यावर वाटणी झाली, एका गटाचे दोन पोटहिस्से पडले, चार-चार एकर वाट्याला आलं. विहीर सामाईक, पंपाची पाळी दिवसाआड. दोघांची केळी, दोघांचं पीककर्ज 2,80,000 रुपये, उचललेलंही एकाच दिवशी. तीन वर्षांनी डाव्या पानावर व्याजासकट 3,71,000 थकले होते आणि उजवं पान दर 31 मार्चला कोरं होत होतं.

जमीन, पाणी, पीक, कर्ज सगळं सारखं असताना ही पानं वेगळी का झाली, एवढंच इथे मांडायचं आहे. गाव आणि नावं सांगत नाही. थोरल्याला सगळे आप्पा म्हणतात, धाकट्याला बापू. असे आप्पा-बापू खान्देशात गल्लोगल्ली आहेत, तेव्हा तेवढं चालून जाईल.

आधी एक सांगतो. या दोघांना नुसतं बघून कोण थकला असेल असं विचारलं, तर दहातले नऊ जण बापूकडे बोट दाखवतील. मीही दाखवलं असतं. बापूकडे बुलेट आहे, तीही हप्त्यावर. मुलीच्या लग्नात त्याने जळगावहून सोनं आणलं आणि दोन दिवस गावजेवण घातलं. चौकात पाच जण बसले असले तर चहाचे पैसे बापूच देणार. आप्पा त्या चौकात थांबतच नाही. चपलेचा अंगठा तुटला तर मोच्याकडे जाऊन शिवून आणेल, नवी घेणार नाही. सुपारीचं खांडसुद्धा अर्धं तोंडात, अर्धं खिशात. तालुक्याला एसटीने जाईल आणि डबा घरून नेईल. असा माणूस थकबाकीदार कसा होतो?

पहिल्या वर्षाचं नुकसान दोघांचं सारखंच होतं. मे संपता संपता वादळ आलं. निसवलेली मृगबाग, म्हणजे मृगात लावलेली, घड पडलेली आणि आणखी महिना-दीड महिन्यात कापणीला आली असती अशी, अर्ध्याहून जास्त आडवी झाली. केळीचं झाड कमरेतून लवतं किंवा मोडतं आणि घडाच्या वजनाने खाली बसतं. सकाळी बागेत गेलं की मेलेलं जनावर पडल्यासारखं दिसतं. विमा दोघांनी उतरवला होता, पंचनामे दोघांचे झाले, आणि बऱ्याच उशिराने, फेब्रुवारीत, दोघांच्या खात्यावर प्रत्येकी 1,10,000 रुपये आले. इथून वाटा फुटल्या.

सोसायटीच्या पीककर्जाचं गणित ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून शेतकऱ्याला शून्य टक्क्याने पडतं. आमच्याकडे मुदत 31 मार्च. एक दिवस उशीर झाला की सवलत गेली, व्याज पहिल्या दिवसापासून, वर दंडव्याज आणि थकीत म्हणून नवं कर्ज बंद. त्यामुळे मार्चमध्ये गावोगाव 'नवं-जुनं' चालतं. कुठून तरी पैसे आणायचे, जुनं भरायचं, एप्रिलमध्ये नवं उचलायचं आणि ज्याचे त्याला परत करायचे.

बापूने तेच केलं. विम्याचे 1,10,000 होते, 1,70,000 कमी पडत होते. एका व्यापाऱ्याकडून तीन टक्के शेकडा महिन्याच्या दराने दहा दिवसांसाठी घेतले. दहा दिवसांचं व्याज 1,700 रुपये. 29 मार्चला भरले, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नवं कर्ज उचललं, व्यापाऱ्याचे फेडले. मी विचारलं, बापू, भीती नाही वाटत? तो हसला. "पैसा फिरता ठेवना पडस, भाऊ." पैसा फिरता ठेवावाच लागतो. देणं म्हणजे त्याच्या लेखी पाटाचं पाणी, एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवायचं.

आप्पाचे 1,10,000 चार दिवसांत संपले. 70,000 मेव्हण्याला, 40,000 धाकट्या बहिणीला. दोन्ही त्यांच्याकडून घेतलेले हातउसने, दोन्ही बिनव्याजी, आणि दोघांनीही ते मागितले नव्हते. बहीण तर म्हणाली, दादा, मला आत्ता गरज नाही. तरी देऊन आला.

जाणत्या माणसाला इथे अडखळायला होईल. जास्त व्याजाचं देणं आधी फेडलं असतं तर समजण्यासारखं होतं. कृषी केंद्राची उधारी होती, दोन टक्के शेकडा, म्हणजे वर्षाला चोवीस. ती तशीच राहिली. सगळ्यांत स्वस्त पैसा आधी परत गेला, आणि जो मुदतीत दिला तर फुकट पडला असता, तो थकला.

वही

हे कोडं मला सुटलं ते दोन वर्षं उलटून गेल्यावर, आणि तेही वहिनींमुळे. आप्पाच्या घरी वसुलीला गेलो की तो नेहमी शेतात गेलेला असायचा. त्या दिवशीही तसंच. मी ओट्यावर पाणी पिऊन उठणार तेवढ्यात वहिनी आतून एक पत्र्याची पेटी घेऊन आल्या, पोरं शाळेत न्यायची तसली, हिरव्या रंगाची. "हाई दखा, भाऊ." आत नऊ पाकिटं होती, सगळी सोसायटीची आणि जिल्हा बँकेची, सगळी बंद. पोस्टाचे शिक्के ओळीने लावलेले, जुनं खाली, नवं वर. इतका नीटनेटका थकबाकीदार मी पाहिला नव्हता.

पाकिटांखाली लाल पुठ्ठ्याची एक लांबट वही. त्यात आप्पाचं सुवाच्य अक्षर. प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक नाव : मेव्हणा, बहीण, किराणा, कृषी केंद्र, शेजारचा जो डिझेल भरून द्यायचा तो, सालदाराची आखाजीपर्यंतची (अक्षय्य तृतीयेपर्यंतची) बाकी. नावाखाली तारीख, रक्कम, किती दिले, किती राहिले. फिटलेल्या पानावर आडवी रेघ आणि खाली 'श्री'. पानं चाळत शेवटपर्यंत गेलो. सोसायटीचं पान नव्हतं. 2,80,000 रुपये, त्याच्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं देणं, वहीत कुठेच नव्हतं.

तेवढ्यात आप्पा आला. पेटी माझ्या मांडीवर बघून उंबऱ्यातच थांबला. रागावेल असं वाटलं होतं, पण खाली बसला आणि बराच वेळ टॉवेलने पाय पुसत राहिला. मी विचारलं, आप्पा, यात आमचं पान का नाही?

"सोसायटीले तोंड नही, भाऊ. मेव्हनाले शे."

सोसायटीला चेहरा नाही, मेव्हण्याला आहे. मेव्हणा लग्नकार्यात समोर येणार, पंगतीत शेजारी बसणार, आणि काही न बोलता वाढप्याला म्हणणार, आप्पांना बुंदी वाढा. त्या न बोलण्याची आप्पाला धास्ती. सोसायटी असं काही करत नाही. सोसायटी पाकीट पाठवते, आणि पाकीट पेटीत ठेवता येतं.

पैशाविषयीची माणसाची वृत्ती मोजायची पट्टी यामाउची आणि टेम्पलर या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1982 मध्ये मांडली. पैसा म्हणजे सत्ता आणि मान, पैसा जपून ठेवणं, पैशाच्या व्यवहारात अविश्वास, आणि पैशाची चिंता, अशी चार अंगं त्यात आहेत. बापू पहिल्या अंगात भरेल, आप्पा उरलेल्या तिन्हींत. आम्ही वसुलीवाले मनातल्या मनात अशीच विभागणी करतो आणि समजतो की जपणारा आणि चिंता करणारा माणूस फेडणारच. आप्पाच्या बाबतीत नेमकी चिंताच आड आली. ज्या देण्याचा विचार सहन होत नव्हता ते त्याने विचारातूनच काढून टाकलं. ज्यांच्यासमोर मान खाली जाईल अशी देणी मात्र व्याज नसतानाही आधी फेडली, कारण त्याला व्याजापेक्षा लाज महाग पडत होती.

सोन्याचंही तसंच. घरात चार तोळे होते. ते तारण ठेवून सोसायटी सोडवता आली असती, आणि सोनेतारणाचं व्याज कृषी केंद्राच्या चोवीस टक्क्यांपेक्षा कितीतरी कमी. पण ते पोरीचं. रिचर्ड थेलर या अर्थतज्ज्ञाला 2017 मध्ये नोबेल मिळालं, त्याच्या कामाचा एक भाग हाच : माणूस सगळा पैसा एकाच गल्ल्यात धरत नाही, मनात वेगवेगळे गल्ले करतो आणि एकातला दुसऱ्यात जाऊ देत नाही. आपल्याकडच्या कुठल्याही आजीने हे सांगितलं असतं. धान्याच्या कणगीतला पैसा वेगळा, देव्हाऱ्यातला वेगळा.

बैल

दोघं भाऊ एकाच घरात वाढले, मग इतका फरक कुठून? अकरा वर्षांचं अंतर आहे त्यांच्यात, आणि ते महत्त्वाचं.

1972 च्या दुष्काळात वडिलांनी सावकाराचे पैसे घेतले होते. तीन वर्षांनी, आखाजीच्या आदल्या दिवशी, सावकाराचा माणूस आला आणि दारचा बैल सोडून घेऊन गेला. आप्पा आठ वर्षांचा होता. आखाजी म्हणजे खान्देशातला सासुरवाशिणींचा सण, झोके बांधलेले, आत्या माहेरी आलेल्या, गल्ली माणसांनी भरलेली. बैल त्या सगळ्यांतून गेला. आप्पा सांगतो की बैलापेक्षा आत्यांचे चेहरे लक्षात राहिले. त्या दिवसापासून वडील गल्लीत बसेनासे झाले.

बापूचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. त्याला कळायला लागलं तोवर बोअर झाली होती, केळी आली होती आणि वडील सोसायटीचे सभासद होऊन दर मार्चला हसतखेळत नवं-जुनं करत होते. एका मुलाने कर्ज म्हणजे दारातून जाणारा बैल पाहिला, दुसऱ्याने कर्ज म्हणजे मार्चमधली धावपळ. ही सगळी हकिकत आप्पाच्या तोंडची आहे. बापूला विचारलं तर म्हणाला, बैल? मला तर ट्रॅक्टरच आठवतो.

माझी चूक

इथे स्वतःविषयी लिहिणं भाग आहे. पहिल्या वर्षी आप्पा थकला तेव्हा मी काय केलं? सोसायटीच्या भिंतीवरच्या फळ्यावर थकबाकीदारांची नावं खडूने लिहायची पद्धत होती. मी आप्पाचं नाव लिहिलं, आणि वरच्या ओळीत लिहिलं. हेतू असा की प्रतिष्ठित माणूस आहे, चार दिवसांत पैसे घेऊन येईल. ज्यांना लाज नसते त्यांच्यावर फळ्याचा उपयोग होत नाही हे आम्हा सर्वांना ठाऊक होतं. ज्याला फार लाज आहे त्याच्यावर फळा उलटा चालतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आप्पाने रस्ता बदलला. सोसायटीसमोरून जायचं सोडून मरीमातेच्या मागच्या पांदीने शेतात जाऊ लागला, एक किलोमीटरचा फेरा. सर्वसाधारण सभेला येईना. मग पाकिटं फोडेना. मी आणखी पाकिटं पाठवली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 101 खाली वसुली दाखल्याचा प्रस्तावही तयार केला. त्यानंतर कलम 156 ची जप्ती येते, आणि सातबाऱ्यावर बोजा आधीच होता. कागदोपत्री मी अगदी बरोबर होतो.

वहिनींसमोर ओट्यावर बसून आम्ही ती नऊ पाकिटं फोडली. सात तगादे होते. एक ताळेबंदाची नोटीस. नववं पाकीट एकरकमी परतफेड योजनेचं निघालं, मुदतीत येऊन भरल्यास थकीत व्याजात सूट. मी तिथेच पाकिटाच्या मागे हिशेब केला : त्याचे 34,000 सुटले असते. मुदत संपून सात महिने झाले होते. पत्रावर सही माझीच होती. नेऊन हातात दिलं असतं तर? पण आप्पाची भेट होत नाही असा शेरा मारून मी ते पोस्टात टाकलं होतं.

नुकसान एवढ्यावर थांबलं नव्हतं. थकीत असल्याने नवं कर्ज नाही, म्हणून दुसऱ्या वर्षी टिश्यूची, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेली एकसारखी रोपं न आणता त्याने घरच्याच बागेतले कंद लावले. खत कृषी केंद्रातून उधारीवर. बाग मागेपुढे निसवली, माल एकदम कापणीला आला नाही, आणि बऱ्हाणपूरच्या केळीबाजाराचा भाव चढलेला असताना त्याच्याकडे गाडी भरेल एवढा माल नव्हता.

माफीची वाट

चोपड्यातल्या कोणत्याही हॉटेलात ही हकिकत सांगितली तर पहिला प्रश्न येईल : माफीची वाट बघत असेल ना? प्रश्न वावगा नाही. 2008 ला केंद्राची माफी झाली, 2017 ला राज्याची दीड लाखांपर्यंत, 2019 ला दोन लाखांपर्यंत. नियमित भरणाऱ्यांना आधी कमाल 25,000 आणि पुढे 50,000 पर्यंत प्रोत्साहन जाहीर झालं, पण ते हातात पडेपर्यंत भरणाराच वेडा ठरला असं म्हणणारे बरेच झाले. माझ्या तीन गावांत खरोखर वाट बघणारे होते. त्यांची ओळख सोपी असते : ते सोसायटीत येतात, खुर्चीत बसतात, भाऊ काय म्हणते मुंबई असं विचारतात, आणि आपली थकबाकी त्यांना रुपयापर्यंत पाठ असते. आप्पाला त्याची थकबाकी किती, हे मी सांगेपर्यंत माहीतच नव्हतं. दोघेही यादीत थकबाकीदारच, पण पहिल्याला नोटीस हवी आणि दुसऱ्याला भेट. आमच्या नमुन्यात दोघांना एकच रकाना आहे.

बापूला मात्र या गोष्टीचा नायक करू नये. त्याच्या शून्य टक्क्याच्या पाठीमागे तीन टक्के शेकडा उभे आहेत. बुलेटचा हप्ता, सोनेतारण, दोन भिशा. मार्चमध्ये व्यापाऱ्याने एकदा नाही म्हटलं की उजवं पान डाव्यासारखं व्हायला दहा दिवस पुरतील. आणि खरं सांगायचं तर आमची मार्चअखेरची वसुलीही पुष्कळशी अशीच असते. 29 मार्चला आलेला पैसा एप्रिलमध्ये त्याच घरी परत जातो, आणि आम्ही वार्षिक सभेत टक्केवारी वाचून दाखवतो. टाळ्याही पडतात.

वहिनींचं खातं तिसरंच. त्या बचत गटात आहेत. वादळाच्या वर्षीसुद्धा त्यांचा एकही हप्ता चुकला नाही. कसं जमलं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या की आम्ही दहा जणी, मी नाही भरलं तर पुढची उचल जिची आहे तिच्या पोराची फी थांबते. ती फी त्यांना दिसत होती, पोरगं ओळखीचं होतं.

पान

त्या दिवशी उठताना मी वही आप्पापुढे केली आणि म्हटलं, आमचं पान घाला. तो पेन घेऊन बराच वेळ बसला. मग पानाच्या डोक्यावर सोसायटीचं नाव न लिहिता माझं लिहिलं. नावापुढे 'भाऊ'. खाली 3,71,000. हे रीतीला धरून नव्हतं, हे मलाही कळत होतं. कर्ज माझं नव्हे. पण मी खोडायला सांगितलं नाही.

फळा मी दुसऱ्या दिवशी पुसला. 101 चा प्रस्ताव समितीपुढे ठेवून सहा महिने थांबवून घेतला. त्यासाठी समितीत दोन जणांशी वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. मग दर पंधरा दिवसांनी आप्पाकडे जाऊ लागलो, बहुतेक वेळा पैशाचं न बोलता. पहिली भरणा 1,30,000 ची झाली, केळी कापल्यावर, व्यापाऱ्याचा चेक वटला त्याच दिवशी. दुसरी 1,10,000. तिसरी 85,000, त्यात वहिनींनी गटातून उचललेले 20,000 होते. प्रत्येक वेळी पावती आधी आणि वहीतली नोंद नंतर, आणि नोंद करताना माझ्यासमोर. सोन्याला हात लागला नाही. त्याबद्दल मीही पुन्हा बोललो नाही.

जूनमध्ये माझ्याकडचं ते गाव गेलं, दुसरीकडची दोन आली. नवा सचिव पारोळ्याकडचा, तरुण, मोबाईलवर सगळं पाठवतो. त्याला घेऊन मी आप्पाच्या ओट्यावर गेलो, ओळख करून दिली, चहा झाला. आप्पाने पेटी आणली, वही काढली, माझ्या नावाचं पान उघडलं. 46,000 आणि त्यावरचं नवं व्याज बाकी होतं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या पोराकडे.

"आते कोनं नाव लिखू, भाऊ?"

आता कुणाचं नाव लिहू. पोरगा मोबाईलमध्ये काहीतरी बघत होता. वहिनींनी त्याला आणखी अर्धा कप चहा ओतला.